देणे की मेहेरबानी?

सरकारी कागदपत्रांत 'सानुग्रह अनुदान' असा एक शब्दप्रयोग आहे. पूर आला, घर जळाले, कामावर माणूस मेला, की घरच्यांना जी रक्कम मिळते तिच्या आदेशात हे दोन शब्द पुष्कळदा असतात. सानुग्रह म्हणजे अनुग्रहासह, कृपापूर्वक. देणाऱ्यावर बंधन नव्हते, तरीही त्याने दिले, असा त्याचा अर्थ. ठेकेदाराचे बिल चुकते करताना हा शब्द कोणी वापरीत नाही. तिथे 'देयक' असते, 'थकबाकी' असते, उशीर झाला तर व्याजाची भाषा असते. तिजोरी एकच, पण एक जण तिच्यातून आपले येणे घेऊन जातो आणि दुसरा उपकार घेऊन जातो.

हा भेद कुठून आला, न्यायालयांनी तो कोणासाठी मोडला आणि कोणासाठी जपून ठेवला, याचा मागोवा मला या लेखात घ्यायचा आहे. सरकार देणे नाकारीत असताना न्यायालयाने 'हे द्या' असा हुकूम करावा, ही गोष्ट आज आपल्याला स्वाभाविक वाटते. परंतु तिच्यामागे तीनशे वर्षांचा झगडा आहे, आणि या झगड्यात आरंभी उतरले ते सावकार आणि ठेकेदार. श्रम करणाऱ्या माणसाच्या हाती हे हत्यार फार उशिरा आले. ते उशिरा का आले, हे कळल्याशिवाय ते नीट वापरता येणार नाही, असे मला वाटते.

१

सतराव्या शतकातल्या इंग्लंडपासून आरंभ करू, कारण आपल्याकडची न्यायालयीन पद्धत तिथून आली. राजा दुसरा चार्ल्स लंडनच्या सोनार-सावकारांकडून कर्ज काढीत असे. हे सावकार लोकांच्या ठेवी घेत आणि तोच पैसा राजाला देत. १६७२ च्या जानेवारीत राजाने तिजोरीतून होणारी परतफेड थांबविली. सुमारे १३ लाख पौंड अडकले. सावकार बुडाले आणि त्यांच्याकडे पैसा ठेवणारेही बुडाले. १६७७ मध्ये राजाने समजुतीची सनद दिली: मुद्दल नाही, पण अबकारी उत्पन्नातून दरसाल ६ टक्के व्याज मिळेल. काही वर्षे व्याज मिळाले आणि १६८३ मध्ये तेही बंद पडले.

पुढे राज्यक्रांती झाली, राजे बदलले, आणि १६९० च्या सुमारास सावकार न्यायालयात गेले. प्रश्न असा होता की राजाच्याच न्यायालयाने राजाच्याच तिजोरीला हुकूम कसा करावा? एक्सचेकर न्यायालयाने १६९२ मध्ये सावकारांच्या बाजूने निकाल दिला. १६९६ मध्ये लॉर्ड सॉमर्स यांनी तो फिरविला. सावकारांचा हक्क खरा असेल, पण त्यांनी राजाकडे रीतसर विनंती-अर्ज करावा, तिजोरीवर परस्पर हुकूम मागू नये, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. १७०० मध्ये उमरावांच्या सभागृहाने सॉमर्स यांचा निकाल रद्द केला आणि सावकार जिंकले. तरीही हाती काय आले? १७०१ च्या कायद्याने व्याज ३ टक्क्यांवर आणले आणि अर्धे मुद्दल फेडून हे ओझे संपविण्याची मुभा सरकारने स्वतःला करून घेतली.

या खटल्यातून दोन गोष्टी पुढे चालत आल्या. 'विनंती-अर्ज करा' आणि 'हुकूम मागा' हे दोन वेगळे रस्ते आहेत, ही पहिली. विनंतीत देणारा मोठा असतो, हुकुमात कायदा मोठा असतो. दुसरी अशी की न्यायालयाचा निकाल आणि हातात पडलेला पैसा यांत बरेच अंतर असते.

आणखी एक नोंद करून पुढे जातो. ज्या १६७२ साली या राजाने सावकारांचे पैसे अडविले, त्याच साली त्याने रॉयल आफ्रिकन कंपनीला सनद दिली. ही कंपनी आफ्रिकेतून माणसे धरून, गुलाम करून विकत असे. सावकारांच्या अडकलेल्या पैशांची इंग्लंडच्या न्यायालयांनी दहा वर्षे चर्चा केली. या माणसांच्या श्रमाचे कोणी काही देणे लागतो, हा विचारही त्या चर्चेच्या कक्षेत नव्हता.

२

तो विचार अमेरिकेत उभा राहिला. तिथे काय झाले ते आपण बारकाईने पाहिले पाहिजे. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरने आपले नाव ब्लॅक पँथरवरून घेतले, तेव्हापासून अमेरिकेतल्या काळ्या माणसाचा लढा आपल्याला जवळचा आहे. त्या लढ्याचा हिशेबाचा भाग मात्र आपल्याकडे कमी सांगितला गेला.

स्टॉक्टन आणि स्टोक्स हे टपाल वाहून नेणारे ठेकेदार होते. जुन्या पोस्टमास्टर-जनरलने त्यांना काही रकमा मंजूर केल्या होत्या. १८३५ मध्ये एमॉस केंडल हा नवा पोस्टमास्टर-जनरल आला आणि त्याने त्या रकमा अमान्य केल्या. ठेकेदार काँग्रेसकडे गेले. १८३६ मध्ये काँग्रेसने खास त्यांच्यासाठी कायदा केला: अर्थखात्याच्या सॉलिसिटरने हिशेब तपासावा, आणि तो ठरवील ती रक्कम टपालखात्याने त्यांच्या खाती जमा करावी. सॉलिसिटरने सुमारे १ लाख ६२ हजार डॉलर ठरविले. केंडलने १ लाख २२ हजार जमा केले आणि उरलेल्या सुमारे ४० हजारांना नकार दिला.

ठेकेदारांनी मँडॅमस मागितला. आपल्या संविधानाच्या मराठी पाठात याला 'महादेश' म्हटले आहे. सार्वजनिक अधिकारावर बसलेल्या माणसाला त्याचे कायदेशीर कर्तव्य करण्याचा हुकूम, असा त्याचा अर्थ. १८३८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा महादेश कायम केला. न्यायालयाचे म्हणणे असे की जिथे अधिकाऱ्याला स्वतःची अक्कल वापरून निर्णय करायचा असतो, तिथे न्यायालय त्याचा हात धरणार नाही. परंतु रक्कम ठरली आहे, कायद्याने ती जमा करायला सांगितले आहे, मग उरलेले काम कारकुनी स्वरूपाचे आहे. ते करायचे की नाही हे ठरविण्याचा अधिकार अधिकाऱ्याला नाही. खुद्द राष्ट्राध्यक्षही त्याला ते करू नको असे सांगू शकत नाही. सरकारला देणे द्यायला लावणाऱ्या न्यायालयीन हुकुमांच्या इतिहासात हा निकाल मैलाचा दगड मानला जातो, आणि ते योग्यच आहे.

पण हा केंडल आणखी एका गोष्टीसाठी ओळखला जातो. १८३५ च्या उन्हाळ्यात गुलामगिरीविरोधी पत्रके टपालाने दक्षिणेत गेली, तेव्हा चार्ल्सटन शहरात जमावाने ती जाळली. केंडलने ती पोहोचविण्याचा आग्रह धरला नाही. दक्षिणेतल्या पोस्टमास्तरांनी ती अडवून ठेवली, तर त्याकडे त्याने काणाडोळा केला. टपाल पोहोचविणे हेही कायद्याने सांगितलेले कर्तव्यच होते. त्यासाठी मात्र गुलामाला महादेश मागता येत नव्हता, कारण तो फिर्यादीच होऊ शकत नव्हता.

पुढे १८६२ च्या एप्रिलमध्ये वॉशिंग्टन शहरातली गुलामगिरी कायद्याने संपविण्यात आली. त्या कायद्यात भरपाईची तरतूद होती. भरपाई मालकांना होती, सरासरीने माणशी ३०० डॉलरपर्यंत. सुटलेल्या माणसाने देश सोडून जायचे कबूल केले तर त्याला १०० डॉलरपर्यंत मिळणार होते. ब्रिटनने १८३३ च्या कायद्याने हेच केले होते: २ कोटी पौंड मालकांना, गुलामांना काही नाही. त्यासाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा अंश ब्रिटिश तिजोरीने २०१५ मध्ये फेडला. मालकाच्या नुकसानीचे कर्ज सरकारने पिढ्यान्‌पिढ्या इमानाने फेडले, असा याचा अर्थ आहे.

सुटलेल्या गुलामांनी आपलेही येणे मागितले. टेनेसी राज्यात गुलामगिरीत जन्मलेली कॅली हाउस ही धोबीकाम आणि शिवणकाम करणारी विधवा होती. १८९० नंतरच्या दशकात तिने माजी गुलामांची संघटना बांधण्यात पुढाकार घेतला. मागणी साधी होती: सैनिकाला निवृत्तिवेतन मिळते, मग आयुष्यभर बिनमजुरीने राबलेल्या म्हाताऱ्या माणसांना का मिळू नये? काँग्रेसने दाद दिली नाही, तेव्हा १९१५ मध्ये चार माजी गुलामांच्या नावाने अर्थमंत्री मॅकॅडू यांच्यावर दावा लावण्यात आला. दाव्याची मांडणी हिशेबी होती. १८६२ ते १८६८ या काळात सरकारने कापसावर कर घेतला, तो सुमारे ६ कोटी ८० लाख डॉलर तिजोरीत आहे. तो कापूस आमच्या श्रमातून पिकला, म्हणून त्या रकमेवर आमचा बोजा आहे.

१९१६ मध्ये अपील न्यायालयाने दावा फेटाळला, आणि सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. कारण असे की हा दावा वस्तुतः सरकारवर आहे आणि सरकारच्या संमतीशिवाय सरकारवर दावा चालत नाही. श्रम झाले की नाही, पैसा आला की नाही, हा प्रश्न विचारायची वेळच आली नाही. पुढे १९१७ मध्ये कॅली हाउसवर टपालातून फसवणूक केल्याचा खटला झाला आणि तिला एक वर्ष एक दिवसाची शिक्षा झाली. सरकार काहीही देणार नाही हे ठाऊक असताना ती लोकांकडून वर्गणी घेत होती, असा आरोप होता. टपालाच्या ठेकेदारासाठी ज्या देशात महादेश निघाला, त्या देशात आपली मजुरी मागणारीला त्याच टपालखात्याच्या तक्रारीवरून तुरुंगात जावे लागले.

ठेकेदाराचा दावा टिकला आणि माजी गुलामांचा टिकला नाही, याचे कायदेशीर कारण सांगता येते. ठेकेदाराच्या बाजूने काँग्रेसचा कायदा होता आणि ठरलेल्या रकमेचा कागद होता. माजी गुलामांजवळ दोन्ही नव्हते. परंतु कायदा कोणासाठी होतो आणि कागद कोणाला मिळतो, हा प्रश्न समाजव्यवस्थेचा आहे.

३

आता आपल्याकडे येऊ. कंपनीचे राज्य जाऊन राणीचे आले, तेव्हा १८५८ च्या कायद्याने एक तरतूद केली: कंपनीवर जसा दावा लावता येत होता, तसाच तो यापुढे भारतमंत्र्यावर लावता येईल. ही तरतूद पहिल्यांदा कसाला लागली ती एका घोड्याच्या निमित्ताने. कलकत्त्याच्या किद्दरपूर गोदीत सरकारी मजूर लोखंडाचा एक अवजड भाग वाहून नेत होते. तो खाली पडल्याचा आवाज झाला, जहाज कंपनीच्या गाडीचा घोडा बिथरला आणि जखमी झाला. कंपनीने ३५० रुपये मागितले. १८६१ मध्ये मुख्य न्यायाधीश बार्न्स पीकॉक यांनी निकाल दिला की कोणीही खाजगी माणूस करू शकेल असा व्यवहार सरकार करीत असेल तर भरपाई द्यावी लागेल. सार्वभौम सत्तेच्या कृत्यांबद्दल मात्र नाही. सार्वभौम आणि बिगर-सार्वभौम या फरकाने आपल्या कायद्यात पुढे शंभर वर्षे ठाण मांडले.

जहाज कंपनीच्या घोड्याला सरकारविरुद्ध न्यायालय उघडे होते. त्याच काळात मुंबई इलाख्यातल्या गावोगावी सरकारचे काम करणाऱ्या वतनदार महाराला ते उघडे होते काय?

महार वतनाची व्यवस्था आपल्या वाचकांना ठाऊक आहे. सरकारी वसूल तालुक्याला पोहोचविणे, टपाल नेणे, साहेबाच्या घोड्यापुढे धावणे, गावाची सीमा दाखविणे, लोकांना चावडीवर बोलावून आणणे, दिवस असो की रात्र. कामाला वेळ नाही आणि घरातला कोणीही माणूस हाकेला ओ द्यायला बांधलेला. काम सरकारचे, पण मोबदला सरकार देत नसे. तो गावकऱ्यांकडून बलुत्याच्या रूपाने मिळायचा, आणि थोडी इनाम जमीन असे. त्या जमिनीवरही सरकार जुडी घेत असे. म्हणजे जो सरकारचा नोकर, तोच सरकारला पैसे भरीत होता.

१८७४ च्या वंशपरंपरागत कामगारांच्या कायद्याने ही व्यवस्था बांधून टाकली. लगोलग १८७६ च्या मुंबई महसूल अधिकारकक्षा कायद्याच्या कलम ४ ने वतनी मालमत्तेसंबंधीचे सरकारविरुद्धचे दावे दिवाणी न्यायालयांच्या कक्षेबाहेर काढले. बलुते बंद झाले, जमीन गेली, जुडी वाढली, तरी उरला तो अर्ज. अर्ज मामलेदाराकडे, कलेक्टरकडे, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याचकडे. सॉमर्स यांनी इंग्लंडातल्या सावकारांना जो विनंतीचा रस्ता दाखविला होता आणि जो सावकारांनी नाकारला, तोच रस्ता आपल्या माणसांवर कायद्याने लादला गेला.

माझे आजोबा गावकामगार महार होते. त्यांच्या मागे राहिलेल्या कागदांत जुडी भरल्याच्या पावत्या आहेत. पगार मिळाल्याची पावती एकही नाही. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला या पेटीचे फार मोल वाटते. सरकार काय घेत होते त्याचा लेखी पुरावा आजोबांच्या घरी राहिला. सरकार काय देणे लागत होते त्याचा पुरावा निर्माणच झाला नाही.

बाबासाहेबांनी नेमक्या याच जागी बोट ठेवले. १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात त्यांनी वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. त्याचा गाभा मला असा दिसतो: हे सरकारचे नोकर आहेत, तर त्यांची कामे ठरवून द्या, बलुत्याचे रोख रकमेत रूपांतर करा, ती महसुलाबरोबर वसूल करा आणि सरकारनेच त्यांना द्या, ज्यांना वतन नको त्यांना जमीन पूर्ण साऱ्यावर ठेवून मोकळे होऊ द्या. गावाच्या मर्जीवर असलेले दान काढून तिथे सरकारी तिजोरीचे ठरलेले देणे आणायचे, ही त्यामागची दृष्टी होती. अर्थशास्त्राचा आणि कायद्याचा असा दुहेरी अभ्यास असलेल्या माणसालाच ती सुचू शकत होती. पुढे त्यांना ते विधेयक मागे घ्यावे लागले. डिसेंबर १९३९ मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील हरेगावच्या परिषदेत वाढीव जुडीविरुद्ध त्यांना पुन्हा उभे राहावे लागले. कनिष्ठ गाववतने अखेर १ ऑगस्ट १९५९ पासून कायद्याने संपली. तोवर बाबासाहेब राहिले नव्हते.

४

संविधानाने परिस्थिती पालटली, पण एकाएकी नाही. सरकारवर दावा लावण्याचा जुना नियम कलम ३०० मध्ये तसाच चालू राहिला. दिवाणी संहितेत सरकारवर दावा लावण्यापूर्वी दोन महिन्यांची नोटीस आणि हुकूमनामा मिळाल्यावर तीन महिने वाट पाहून मगच दरखास्त, ही शिस्तही राहिली. नवे होते ते कलम ३२ आणि कलम २२६. मूलभूत हक्कासाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा आणि महादेश मागण्याचा हक्क त्यात होता. बाबासाहेबांनी संविधान सभेत कलम ३२ च्या तरतुदीला संविधानाचा आत्मा आणि हृदय म्हटले, ते या अर्थाने समजून घेतले पाहिजे. हक्क लिहिणे सोपे असते. हक्क मोडला तर सरकारला हुकूम करणारा कोणी असेल तरच तो हक्क होतो.

या कलमातून श्रमिकांच्या मजुरीसाठी रस्ता निघायला १९८२-८३ उजाडले. आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९८२ मध्ये सांगितले की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत घेतलेले काम ही कलम २३ ने मना केलेली सक्तीची मजुरी आहे. भुकेची सक्ती हीही सक्तीच आहे, हे त्यामागचे तत्त्व.

पाठोपाठ राजस्थानचे प्रकरण आले. दुष्काळी कामे म्हणून सार्वजनिक बांधकाम खाते मदनगंज-हरमाडा रस्ता बांधीत होते. त्या वेळी किमान वेतन रोज ७ रुपये होते. मजुरांच्या टोळ्या पाडून कामाच्या मापाने पैसे दिले जात, आणि पुष्कळांच्या हाती ७ रुपयांपेक्षा कमी पडे. हरमाड्याच्या नौरतीबाई या दलित स्त्रीने मजूर बायकांना उभे केले. तिलोनियाच्या समाजकार्य संस्थेचे संजित रॉय यांच्या नावे १९८१ मध्ये याचिका दाखल झाली. सरकारचा बचाव दुहेरी होता: हे दुष्काळनिवारण आहे, आणि दुष्काळी कामांना किमान वेतनाचा कायदा लागू नाही असा आमचा १९६४ चा कायदाच आहे.

२० जानेवारी १९८३ ला न्यायमूर्ती भगवती आणि न्यायमूर्ती पाठक यांनी निकाल दिला. न्यायमूर्ती भगवतींच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की सरकार इथे भिक्षा वाटीत नाही. मजूर काम करतात, त्यातून समाजाच्या उपयोगाचा रस्ता उभा राहतो. मग त्यांच्या असहायतेचा फायदा घेऊन सरकारला कमी पैसे देता येणार नाहीत. न्यायमूर्ती पाठक समानतेच्या कलम १४ वरून त्याच निष्कर्षावर आले. १९६४ चा कायदा किमान वेतनाला आड येत होता तेवढ्यापुरता अवैध ठरला. प्रत्यक्ष दिलेली मजुरी आणि किमान वेतन यांतला फरक थकबाकी म्हणून मजुरांना द्या, असा हुकूम झाला. नौरतीबाई पुढे २०१० मध्ये हरमाड्याच्या सरपंच झाल्या.

आपल्या दृष्टीने हा निकाल फार महत्त्वाचा आहे. १९७२-७३ च्या दुष्काळात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणाऱ्या त्या माणसांना आपण सरकारवर उपकार करीत आहोत की सरकार आपल्यावर, याचे उत्तर कोणी दिले नव्हते. ते उत्तर हरमाड्याच्या रस्त्यावर मिळाले.

त्याच १९८३ सालच्या ऑगस्टमध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या खंडपीठाने बिहारच्या रुदुल साहच्या प्रकरणात आणखी एक दार उघडले. हा माणूस १९६८ मध्ये निर्दोष सुटला होता, तरी १९८२ पर्यंत तुरुंगातच होता. सरकारने आधी दिलेल्या ५,००० रुपयांशिवाय आणखी ३०,००० रुपये द्यावेत, असा हुकूम न्यायालयाने कलम ३२ खालीच केला. रक्कम चौदा वर्षांच्या मानाने क्षुल्लक होती. पण मूलभूत हक्क मोडला म्हणून सरकार पैशाने देणे लागते, हे तत्त्व प्रस्थापित झाले.

५

या तत्त्वाची खरी परीक्षा गटारात झाली. माणसाने मैला उचलण्याची प्रथा बंद करणारा पहिला केंद्रीय कायदा १९९३ चा. प्रथा चालूच राहिली, म्हणून सफाई कर्मचारी आंदोलनाने २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २७ मार्च २०१४ ला निकाल लागला: १९९३ पासून गटारात आणि टाक्यांत मेलेल्या सर्वांच्या कुटुंबांना शोधून काढा आणि प्रत्येकी १० लाख रुपये द्या. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने ही रक्कम पुढील मृत्यूंसाठी ३० लाख केली. कायमचे अपंगत्व आल्यास किमान २० लाख आणि अन्य अपंगत्वासाठी किमान १० लाख ठरविले.

मुंबईचे एक प्रकरण इथे सांगितले पाहिजे. डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडीत एका गृहसंस्थेची मलटाकी साफ करताना तीन कामगार मेले. त्यांच्या विधवा मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. काम खाजगी होते, ठेकेदार खाजगी होता, मग सरकारने का द्यावे, असा प्रश्न होता. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये न्यायालयाने सांगितले की आधी सरकारने प्रत्येकी १० लाख द्यावेत, मग जबाबदार माणसांकडून ते वसूल करावेत. ही प्रथा बंद ठेवण्याचे कर्तव्य सरकारचे होते. कर्तव्य चुकले म्हणून देणे उभे राहिले.

कोणी म्हणेल, मृत्यूची भरपाई आणि कर्ज यांत फरक आहे. आहेच. कोणतीही रक्कम त्या माणसाची किंमत नव्हे. परंतु न्यायालयाने रक्कम ठरवून दिली, पात्र कोण ते सांगितले, देणारा कोण ते सांगितले, की पुढचे काम केंडलच्या कामासारखे कारकुनी उरते. अधिकाऱ्याला त्यात दयाबुद्धी वापरायची नसते आणि टाळाटाळही करायची नसते. तरी पुष्कळ घरांना ही रक्कम मिळवण्यासाठी पुन्हा पुन्हा खेटे घालावे लागले आहेत. मेलेला माणूस 'आमच्या नोंदीत सफाई कामगार नव्हता', 'तो स्वतःहून उतरला', 'तो ठेकेदाराचा माणूस होता', ही उत्तरे कार्यकर्त्यांच्या तोंडपाठ आहेत. मृत्यू नाकारता येत नाही, म्हणून नोंद नाकारली जाते.

६

या सर्व इतिहासातून मला एक सूत्र दिसते. सरकारचे देणे कागदाने सिद्ध होते, आणि तो कागद बहुधा देणेकऱ्याच्याच कपाटात असतो. सावकारांजवळ राजाची सनद होती. स्टॉक्टन आणि स्टोक्स यांच्याजवळ सॉलिसिटरचा निवाडा होता. माजी गुलामांजवळ फक्त पाठीवरचे वळ होते. वतनदार महाराजवळ जुडीच्या पावत्या होत्या, पण हजेरी नव्हती. हरमाड्याच्या बायका जिंकल्या, कारण तिथे मस्टर होते. किती दिवस काम केले आणि किती पैसे हाती पडले हे दाखविता येत होते. गटारात उतरणाऱ्याचे नाव कोणत्याही मस्टरवर नसते, म्हणून सर्वोच्च न्यायालयाचा आदेश असूनही त्याच्या विधवेला पहिल्या पायरीपासून चढावे लागते.

कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी यातून काय घ्यावे? पहिली गोष्ट भाषेची. कायद्याने किंवा न्यायालयाने ठरलेल्या रकमेसाठी अर्ज लिहिताना 'मदत मिळावी ही नम्र विनंती' असे लिहू नये. अमुक कायद्यानुसार, अमुक तारखेच्या निकालानुसार, अमुक रक्कम येणे आहे, ती अमुक तारखेपर्यंत द्यावी, असे लिहावे आणि पोच घ्यावी. महादेश मागायचा तर आधी मागणी केली होती आणि ती नाकारली गेली, हे दाखवावे लागते. ती पोच हाच पुढच्या खटल्याचा पहिला कागद असतो. दुसरी गोष्ट नोंदीची. वस्तीतला कोण माणूस कोणाच्या सांगण्यावरून कोणत्या कामाला गेला, किती दिवस गेला, काय मिळाले, याची वही वस्तीत असली पाहिजे. शिकलेल्या पोरांनी हे काम हाती घ्यावे. तिसरी गोष्ट पाठपुराव्याची. २०१८ मध्ये रोजगार हमीच्या मजुरीसंबंधी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की उशिरा मिळालेल्या मजुरीची भरपाई हा मजुराचा हक्क आहे. पण विलंबाचे दिवस कोणी मोजले नाहीत तर त्या हक्काचे रुपये होत नाहीत. निकाल लागला म्हणून वर्तमानपत्रात बातमी येते आणि आपण आनंद मानतो. दरखास्त त्यानंतर असते, आणि अवमानाचा अर्ज त्याच्याही नंतर.

न्यायालये आपली मुक्ती करतील असे माझे म्हणणे नाही. १९१६ चे न्यायालयही न्यायालयच होते, आणि १८७६ चा कायदाही कायदाच होता. पण हेही खरे की सावकारांनी आणि ठेकेदारांनी स्वतःसाठी जी वाट पाडली, तिच्यावर आज रस्त्यावर खडी टाकणारी बाई आणि गटारात नवरा गमावलेली बाई चालत आहेत. त्यांना त्या वाटेवर कोणी आणून सोडले नाही. त्या स्वतः आल्या, आणि बाबासाहेबांनी लिहून ठेवलेले कलम हातात घेऊन आल्या.

ज्याच्या आजोबाने वसुलाची थैली डोक्यावरून तालुक्याला पोहोचविली आणि तिच्यातला एक पैसाही पगार म्हणून पाहिला नाही, त्याला त्या तिजोरीकडे हात पसरून जाण्याचे कारण नाही. त्याने हिशेब घेऊन जावे.